पिवळ्या डब्यावरचं बाळ

द्वारकामावशी वॉर्डातल्या कचऱ्याच्या पिवळ्या डब्यातून चिमट्याने सलाईनच्या नळ्या वेचून लाल डब्यात टाकत होत्या.

"राहू द्या, मावशी," मी म्हणाले. "एखादी सुई टोचेल. जाईल ना सगळं एकदमच."

"जाईल, सिस्टर. पण लालमधलं जाळत नाहीत, पिवळ्यातलं सगळं माझ्या लेकीच्या गावाजवळ जाळतात. प्लॅस्टिक असलं की धूर घशात बसतो. बाळंतीण दारं लावून घरात बसलीय." हातमोजे काढून त्यांनी मोबाइल दाखवला. अकरा दिवसांची नात, मूठ गालाशी धरलेली.

डब्यावर 'प्लॅस्टिक टाकू नये' अशी सूचना वर्षभर होती. नळ्या त्यात मीही टाकल्या होत्या. संध्याकाळी मी तो फोटो छापून आणला आणि सूचनेवरच चिकटवला.

सकाळी राउंड संपवून मोठे डॉक्टर डब्याशी आले. हातमोजे टाकायला उचललेला हात थांबला.

"ही कोण?"

"माझी नात, सर," मावशी म्हणाल्या. "हे जिथं जळतं, तिथलीच."

डॉक्टरांनी हातमोजे लाल डब्यात टाकले. मग परत फोटोकडे पाहिलं. "नाव काय ठेवलंत?"

"अजून नाही. बारसं अंगणात करायचंय, सर. धूर जरा कमी झाला की."