जुळ्यांची वयं

बाई शाळेत भौतिकशास्त्र शिकवायच्या. वेगात जाणाऱ्याचं घड्याळ आपल्याला मागे पडलेलं दिसतं नि त्याला आपलं, पण विमानात तो फरक जाणवतसुद्धा नाही, असं त्या मुलांना सांगायच्या. त्यांची जुळी बहीण वैमानिक होती. बाई पन्नाशीला आल्या, केस पिकले. बहिणीचे केस मात्र काळेभोरच राहिले. बाईंचा नुसता जळफळाट व्हायचा.

या वेळी बहीण सुट्टीवर आली, तेव्हा त्यांनी तिला सरळ आरशासमोर ओढलं. “बघ, मी म्हातारी झाले नि तू आहेस तशीच!”

“चेष्टा करतेस होय गं?” बहिणीचा आवाज कडवट झाला. “इतकी वर्षं मीच तुझ्यावर जळतेय. काळे केस तुझे आहेत.”

तिनं स्वतःच्या काळ्याभोर डोक्यातला एक केस तोडून बाईंच्या तळहातावर ठेवला.

तो पांढराशुभ्र होता.