कोटिंग सुकेपर्यंत
गाडीच्या रंगावर पाणी ठरू न देणारं सिरॅमिक कोटिंग करून देताना दुकानदाराने बजावलं होतं, "आठवडाभर गाडीला पाणी लागू द्यायचं नाही." कुणालने नवी काळी गाडी दिघाशी गावातल्या घरी आणून शेडखाली झाकून ठेवली. दोन दिवसांनी भर पावसात आईच्या छातीत कळ आली. "गाडी काढ," वडील ओरडले. "बाबा, कोटिंग कच्चं हाय अजून. रिक्षा बोलावतो ना." रिक्षा उशिरा आली, खड्ड्यांत रखडली, भिवंडीचं हॉस्पिटल यायच्या आधीच आई गेली. स्मशानातून परतल्यावर पाय धुवायला शेजारणीने दारात पाण्याची बादली ठेवली होती. वडिलांनी पाय धुतले नाहीत. बादली उचलून ते शेडखाली गेले. कापड ओढून त्यांनी सगळं पाणी बोनेटवर ओतलं. पाण्याचे टपोरे थेंब झाले आणि घरंगळून गेले. बोनेट कोरडंच राहिलं. "पक्कं झालंय रं तुझं कोटिंग," वडील म्हणाले, "आता काढ गाडी."