दारामागची रेघ

निशिगंधाने राजीनामा फोनवर लिहून ठेवला होता. शुक्रवारचा शेवटचा तास संपला की तो मुख्याध्यापिकेला पाठवायचा आणि मिळेल त्या विमानाने महाड गाठायचं. व्हिएतनाममधल्या या नदीकाठच्या गावात इंग्रजी शिकवायला येऊन तिला उणेपुरे पाच दिवस झाले होते.

या पाच दिवसांत वर्गातली तीस मुलं तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. दंगा नाही, हसणं नाही, सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. महाडच्या शाळेत मुलं गप्प बसावीत म्हणून तिने टेबल बडवून हात लाल करून घेतले होते. इथे कुणीतरी एखादी खोडी काढावी म्हणून ती आसुसली होती. शाळाही विचित्रच. दिव्यांची बटणं इतकी वर, की ती लावायला स्टुलावर चढायचं. कपाटांचे खालचे दोन कप्पे रिकामे. ‘माणसं आपल्याएवढीच आहेत, शाळा मात्र राक्षसांसाठी बांधलीय,’ असं तिने आईला कळवलंसुद्धा होतं.

हसत कळवलं होतं खरं, पण रडू आवरत नव्हतं. डोळे मिटले की महाडचं घर समोर यायचं.

त्या घरात दारामागच्या भिंतीवर दोन हजार पाचच्या पुराची निळी रेघ होती. दर जूनमध्ये शाळा सुरू झाली की आई तिला त्या रेघेखाली उभी करायची. “अजून पाण्यातच हायस गो,” म्हणायची. नववीत निशिगंधाचं डोकं रेघेच्या वर आलं, तेव्हा आईने गल्लीभर शिरा वाटला. मग एकवीस साली पुन्हा पूर आला आणि नवी रेघ हातभर वर गेली. एवढी उंची काही त्यांच्या घराण्यात कुणाला नव्हती.

आई ब्लाउज शिवायची. पावसाळ्यात सावित्री नदीचा रंग बदलला की मायलेकी मिळून शिलाई मशीन माळ्यावर चढवायच्या. एका बाजूने आई, दुसऱ्या बाजूने ती. निघायच्या दिवशी तिने विचारलंच, “माझ्यामागं मशीन कोण उचलणार?”

“शेजारचा दीपेश हाय की,” आई म्हणाली. “मशीनचं सोड. माझं एकच सांगणं हाय. जिथं पूर येत नाय तिथं ऱ्हा.”

आईने आयुष्यात तिच्याकडे एवढं एकच मागितलं होतं, आणि तेही पाच दिवसांत तिच्याने होईना.

शेवटचा तास सुरू झाला. बाहेर सकाळपासून पाऊस होता. ती ‘ऑन’ आणि ‘अंडर’ शिकवत होती. दप्तर बाकावर, दप्तर बाकाखाली. मुलं बघत होती, बोलत नव्हती. तिने सहज खिडकीबाहेर पाहिलं. मघाशी हिरवी असलेली नदी तांबडी झाली होती. एक अख्खी केळ मुळासकट वाहत चालली होती.

पुढचं सगळं तिच्या हातांनीच केलं. तिने पहिल्या बाकाखालची दप्तरं उचलून बाकावर ठेवली. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. बाकांखालची पुस्तकं कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. कोपऱ्यात जुना अवजड प्रिंटर होता. त्याची एक बाजू तिने धरली आणि सवयीने ओरडली, “धर गो तिकडनं!”

प्रिंटर उचलला गेला. दुसऱ्या बाजूला दोन मुली होत्या, पहिल्या बाकावरची लिन आणि तिची शेजारीण. तिघींनी तो कपाटावर नेऊन ठेवला.

तेव्हा कुठे निशिगंधा भानावर आली. आपण मराठीत ओरडलो. शिकवायचं सोडून वर्गाचा माळा करून टाकला. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. आता राजीनामा पाठवायचीही गरज पडणार नाही, असं वाटलं.

पण कुणी हसलं नाही. मुलांनी उरलेली दप्तरं आपणहून वर ठेवली होती. लिन दाराकडे गेली. पाच दिवस भिंतीला टेकून उघडं असलेलं ते दार तिने लोटलं.

दारामागच्या भिंतीवर चार रेघा होत्या. प्रत्येकीपुढे साल. मधल्या जागेत पेन्सिलीच्या बारीक खुणा आणि मुलांची नावं. निशिगंधा बघतच राहिली. मग तिची नजर वरच्या बटणांकडे गेली, कपाटांच्या रिकाम्या कप्प्यांकडे गेली. राक्षसबिक्षस कुणी नव्हते. तिच्यासारखीच माणसं होती.

लिनने हात धरून तिला भिंतीला पाठ लावून उभी केली. सर्वात वरची रेघ तिच्या डोक्याच्या वीतभर वर होती.

“टीचर अंडर वॉटर!” लिन ओरडली आणि सगळा वर्ग खदखदून हसला. निशिगंधाही हसली. डोळे पुसत हसली.

मुख्याध्यापिका दारातून डोकावली. एवढं पाणी संध्याकाळी उतरतं, म्हणाली, पण दप्तरं वर ठेवलीत ते बरं केलंत.

निशिगंधाने फोन काढला आणि राजीनामा खोडून टाकला. तेवढ्यात तो वाजलाच. आई होती.

“पावसाचा आवाज येतोय गो,” आई म्हणाली. “तिकडं पूर येत नाय ना?”

लिन स्टुलावर चढली होती. निशिगंधाच्या डोक्यावर वही आडवी धरून ती भिंतीवर पेन्सिलीने खूण करत होती. निशिगंधा ताठ उभी राहिली.

“नाय गो आई,” ती म्हणाली, “इथं पूर येत नाय.”