तुमच्याकडे काय करतात?

बायको गेल्यानंतर सर आज पहिल्यांदाच शाळेत आले. सहावीचा वर्ग म्हणजे बाकागणिक वेगळी भाषा आणि वेगळा देव. एक जण सरांशी सकाळपासून अखंड बडबडत होता, कारण त्याच्या घरी दुःखातल्या माणसाला गप्प बसू देत नाहीत. शेजारची त्याला दटावत होती, "ए भोंग्या, अशा वेळी बोलायचं नसतं!" तिसरा तर, माणसाला एकटं सोडायचं नाही म्हणून, मधल्या सुट्टीत बाथरूमच्या दारापर्यंत मागे आला आणि बाहेरून विचारत राहिला, "सर, आहात ना?"

आत सरांना कितीतरी दिवसांनी हसू फुटलं.

वर्गात परतले, तर मॉनिटर उभीच होती. "सर, यांची भांडणं मिटेनात. तुम्हीच म्हणता ना, प्रत्येक घरची रीत वेगळी, आधी विचारून घ्यावं? मग सांगा, तुमच्याकडे अशा वेळी काय करतात?"

सगळा वर्ग कान टवकारून बसला. सर विचारात पडले. घरातलं रीतीभातींचं खातं त्यांच्याकडे कधीच नव्हतं.



"थांबा," ते म्हणाले, "घरी हिला विचारून उद्या सांगतो."