फाटकात अडलेला ट्रक

"पेचकस खाली ठेव," मिस्त्री शांतपणे म्हणाले.

ड्रायव्हरचा उगारलेला हात थबकला. डिझेल फिल्टरच्या पत्र्यात पेचकस आरपार भोसकायचा आणि त्याचाच दांडा करून फिल्टर फिरवायचा, असा त्याचा बेत होता.

"सगळे असंच काढतात हो."

"काढतात. मग पत्रा फाटतो, आटे वरच अडकतात आणि सगळे माझ्याकडे येतात. यंत्र मुकं असतं, म्हणून त्याला दुखत नाही असं समजू नये."

रिकामा ट्रक गॅरेजच्या फाटकात, बरोब्बर दोन खांबांच्या मध्ये बंद पडला होता. अर्धा आत, अर्धा बाहेर. मागे रस्त्यावर भोंगे वाजत होते.

"बाराला साहेब येतायत," ड्रायव्हर घड्याळ पाहत म्हणाला. "तोवर सुरू झाला नाही, तर साखळी लावून ओढून काढा म्हणालेत. आणि वर माझे बारा वाजवतील ते वेगळंच."

ओढून काढण्याची गोष्ट मिस्त्रींना सोसण्यासारखी नव्हती. अडतीस वर्षांत त्यांच्या फाटकातून एकही वाहन ओढून न्यावे लागले नव्हते. कण्हत-कुंथत आलेले प्रत्येक वाहन स्वतःच्या बळावर चालत गेले होते. एखाद्याने व्रत पाळावे तसे त्यांनी हे पाळले होते, आणि आज ते मोडू द्यायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता.

"अहो," दारातून पत्नीने हाक मारली. तिच्या हातात एक जड खोके होते. "आजच्या दिवशी तरी हात काळे करू नका. राहू दे त्याला तिथंच आडवा."

"दारात येऊन पडलेल्याला तसाच कसा ठेवायचा?"

"तुम्ही आमंत्रण धाडलं होतंत का त्याला?"

ड्रायव्हर गोरामोरा झाला. "काकूंचं खरं आहे, मिस्त्री. तुम्ही नाही केलंत, तरी कुणी नावं ठेवणार नाही."

"मी ठेवीन ना," मिस्त्री म्हणाले. "अगं, तो पट्ट्याचा पाना दे."

"भरून ठेवला."

"कुठल्या खोक्यात?"

"आठवत नाही," असे म्हणून ती हातातले खोके खाली ठेवून त्यावरच बसली.

मिस्त्रींनी क्षणभर तिच्याकडे पाहिले. मग स्वतःच्या कमरेचा चामडी पट्टा सोडला.

"विजार सांभाळा," ती म्हणाली. "तेवढीच अब्रू उरली आहे आता."

ते खाली बसले. प्रथम त्यांनी फडक्याने फिल्टरभोवतीची धूळ निपटून काढली. उघड्या तोंडातून शिरलेला एक कणही इंजिनाचे अंतरंग बिघडवायला पुरेसा असतो. खाली थाळा ठेवला. पत्रा जिथे सर्वांत जाड, तिथे पट्ट्याचा वेढा घातला, टोक मुठीत गुंडाळले आणि झटका न देता ओढ वाढवीत नेली. कपाळावरची शीर तट्ट फुगली. काहीच हलले नाही.

"मिस्त्री, पेचकस देऊ?"

"तोंड बंद ठेव, तेवढी मदत पुरे."

फिल्टर बोटभर फिरला. पुढचे काम हातानेच झाले. थाळ्यात काळपट, पाणी मिसळलेले डिझेल उतरले.

ड्रायव्हरने आपल्या केबिनमधून नवा फिल्टर आणला आणि डिझेलचा कॅन तिरका करून तो भरू लागला.

"थांब. कॅनमधलं डिझेल गाळलेलं नसतं. तो रिकामाच बसवायचा, हातपंपाने भरेल."

नवा फिल्टर चढवण्यापूर्वी मिस्त्रींनी वरच्या बैठकीवरून बोट फिरवले. जुनी रबरी कडी तिथेच चिकटून राहिली होती. ती त्यांनी नखाने अलगद सोडवली. "हिच्यावरच नवी बसवली असतीस, तर डिझेलच्या धारा लागल्या असत्या."

नव्या कडीला स्वच्छ डिझेलचे बोट लावून त्यांनी फिल्टर हाताने फिरवत नेला. कडी टेकली, त्यानंतर पाऊण फेरा, अधिक नाही.

"पान्याने जरा आवळू का?"

"मुळीच नाही. पुढच्या खेपेला जो उघडेल, त्याचा विचार बसवणाऱ्याने करावा."

"पुढच्या खेपेला..." ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने गॅरेजच्या भिंतींकडे पाहिले.

बारा वाजायला आठ मिनिटे होती. मिस्त्रींनी अडकलेली हवा सोडायचा स्क्रू थोडा सैल केला आणि ते हातपंप दाबू लागले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग नितळ डिझेल. स्क्रू पुन्हा बंद झाला.

"मार चावी."

इंजिन खोकले आणि गप्प झाले. खोक्यावर बसलेली पत्नी उठून उभी राहिली. "नाही होत ना?" तिने विचारले. तिच्या आवाजात आशा होती.

"होईल. थोडी हवा राहिली आहे."

त्यांनी स्क्रू पुन्हा सैल केला. हात भरून आले, तरी पंप थांबला नाही. शेवटचा बुडबुडा निघून गेल्यावरच त्यांनी स्क्रू आवळला आणि मान हलवली. ड्रायव्हरने चावी फिरवली. इंजिन अडखळले, त्याने धूर सोडला आणि ते एका लयीत चालू लागले. मिस्त्रींनी फिल्टरखालून कोरडे बोट फिरवून पाहिले. एक थेंबही नव्हता.

"आत घे," ते म्हणाले. "सावकाश."

ट्रक स्वतःच्या बळावर अंगणात आला. फाटक मोकळे झाले. सकाळपासून त्याच्यामागे खोळंबलेले पिवळे यंत्र लोखंडी पंजा उंचावत आत शिरले आणि गॅरेजच्या भिंतीसमोर उभे राहिले.

मलबा भरून न्यायला आलेल्या ट्रकमधून ड्रायव्हर खाली उतरला. त्याची नजर जमिनीवरून वर येईना. "मिस्त्री, पाडायला सुरुवात कुठून करायला सांगू?"

"छपरापासून," मिस्त्री म्हणाले. "मग भिंती, वरून खाली. घाई केली नाही, तर एकही वीट फुटणार नाही."