वळणावर पडणारा काटा

"अहो, ऑइल प्रेशरचा काटा पडतोय," मावशी म्हणाली. भाचीची पाठराखीण म्हणून ती पुढं बसली होती. मागं नवरानवरी होती. जीप चालवत होते मावशीचे यजमान, काका. लग्नसराईत भाड्यानं फिरणाऱ्या या जुन्या जीपवरच त्यांची चूल पेटायची.

"इंजिन तापलं की काटा पडतोच," काका म्हणाले.

"उभ्या गाडीत पडतो, ते ठाऊक आहे मला. हा वळणावळणाला पडतोय. ऑइल कमी झालं असेल, वळणावर एका बाजूला जातंय. बाजूला घेऊन बघा तरी."

"ऐकलंत जावईबापू? आता गाडीसुद्धा बायकोकडून शिकायची."

मावशीनं पदर डोक्यावर ओढला. पुढच्या वळणावर काटा शून्यावर गेला. गाडी सरळ झाली तरी तो उठला नाही. इंजिन खडखडलं आणि भर घाटात कायमचं जाम झालं.

काकांनी बॉनेट उघडलं. धुराकडं बघत ते म्हणाले, "घाट लागल्यापासून हिनं 'काटा पडतो, काटा पडतो' लावलंय. काळी जीभच हिची."

जावई हसला. त्याच्याकडं बघून, मावशीच्या अंगाखांद्यावर वाढलेली भाचीही हसली.