मागचा टाळ

"आतून कडी लावा," दारापलीकडून वच्छलाबाई म्हणाल्या. "अन् मी म्हणीन तवाच काढा."

मारोतरावांनी मुकाट्यानं कडी लावली. सकाळी दोघांच्याही कोरोना तपासणीचे रिपोर्ट दारव्ह्याच्या दवाखान्यातून फोनवर आले होते. फोन वच्छलाबाईंनी घेतला, ऐकला आणि ठेवला. "तुमचा पॉझिटिव्ह निघाला," एवढंच म्हणून, पदरानं तोंड झाकत त्यांनी मागच्या खोलीकडे बोट दाखवलं होतं.

बोरी अरबमध्ये त्या उन्हाळ्यात गल्लोगल्ली बांबू आडवे लागले होते. मारोतरावांना मरणाचं भय नव्हतं. देवाचं नाव घेत हयात गेली, तो बोलावील तेव्हा जायचं. भय एकच होतं. आपलं हे दुखणं वच्छलेला लागलं तर? एरवी घटकाभर एका जागी न टिकणारा हा माणूस तेवढ्यासाठी कोंडून घ्यायला तयार झाला.

खोलीला परसाकडची एक खिडकी होती. शेजारची सून निकिता "काकूनं धाडलं" म्हणत तिथं ताट ठेवून जायची. सकाळी गरम पाण्याच्या गुळण्या, मग वाफ, मग खाटेवर बसून डोळे मिटून लांब श्वास. आरोग्य केंद्राची आशा सेविका शीला हिनं सगळं नेमून दिलं होतं. पण दिवेलागणीला जीव कासावीस झाला. ही वेळ देवळातली.

गावात कीर्तन असलं की मारोतराव टाळ घेऊन मागे उभे राहत. बुवांनी चरण सोडला की धृपद उचलायचं आणि बुवांना दम घेऊ द्यायचा. चाळीस वर्षं हेच केलं. पुढे कधी झाले नाहीत.

"अवो," दारापलीकडून आवाज आला. "आज तुम्ही पुढे व्हा. मी मागे."

"तू? तुले ताल कळते काय वं?"

"चाळीस वर्षं तुमच्या घोरण्याचा ताल धरून राह्यली मी. हे त् देवाचं नाव हाय."

मारोतराव खळखळून हसले. घसा साफ केला आणि जन्मात पहिल्यांदा चरण सोडला. पलीकडून वच्छलाबाईंनी बारीक आवाजात धृपद उचललं. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली.

तिसऱ्या दिवसापासून पलीकडून नुसता टाळ यायला लागला.

"गळा काहून बंद केला?"

"लोक म्हनतीन, म्हातारीले गाणं सुचलं. तुम्ही म्हणा, मी ऐकून राह्यली."

जेवण मात्र उतरेना. "भाजीत इतकं मीठ कायले टाकलं वं? हात बिघडला काय तुहा?"

"तोंडाची चव गेली तुमची. ह्या दुखण्यात जातेच."

मग मारोतरावांनी ताट संपवलं. दुखणंच ते.

शीला रोज खिडकीशी यायची, बोटाला यंत्र लावायची. "अठ्ठ्याण्णव! काका, तुम्ही त् जवान पोट्ट्याले मागे टाकसान." दोन मिनिटांत निघायची आणि पुढच्या ओसरीवर अर्धा-अर्धा घंटा बसायची. दोघींची कुजबुज भिंतीतून यायची.

"रोगी इकडे, अन् गप्पा तिकडे!" ते ओरडले.

"बायायच्या गोष्टीत तुमचं काय काम?" शीला तिकडून म्हणाली.

नवव्या दिवशी दिवेलागणीला त्यांनी चरण सोडला. टाळ आला नाही. पुन्हा म्हटला. पलीकडे काहीच नाही.

"वच्छला?"

हात कडीवर गेला. "वच्छला! मी येऊन राह्यलो बाहेर!"

"कडी काढसान त् माही शपथ हाय," आवाज खोलवरून, थांबत थांबत आला. "डोळा... लागला होता."

मारोतराव कडी धरूनच खाली बसले. मनात साठलेलं बाहेर पडलं. "तुले टायफाईड झालता तवा नऊ दिवस तुह्या उशापासून हाललो नाही मी. माहा दमा उठला तरी हाललो नाही. अन् तू? एक डाव उंबऱ्याशी येऊन तोंड दाखवत नाही!"



"तुम्ही तसेच हाय," वच्छलाबाई म्हणाल्या. "म्हणा आता. पुढचा चरण म्हणा."

त्यांनी म्हटला. थांबले नाहीत. थांबलं की पलीकडची शांतता ऐकू यायची. किती वेळानं कोण जाणे, दारापलीकडून एकदा टाळ वाजला. मग अंतरानं दुसऱ्यांदा. त्या तालावर त्यांनी आपली चाल संथ केली आणि गात राहिले. निकितानं आणून ठेवलेलं ताट खिडकीत निवून गेलं.

पंधराव्या दिवशी सकाळी दार वाजलं. "काढा कडी."

वच्छलाबाई ओसरीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. कपाळावर ताजं कुंकू, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या.

"माह्या काळजीनं अर्धी झाली वं तू!"

"होईन नाही त् काय."

मारोतरावांनी तिथंच चरण सोडला. आणि वच्छलाबाईंनी, बारा दिवसांनी पहिल्यांदा, गळ्यानं धृपद उचललं. आवाज चिरकला, मध्येच दम लागला, पण ओळ त्यांनी शेवटाला नेली. मारोतरावांच्यानं पुढचं म्हणवेना. ओले डोळे दिसू नयेत म्हणून ते बाहेर गल्लीत गेले.

वळून पाहिलं तर पुढच्या दारावर सरकारी कागद डकवलेला. उन्हानं पिवळा पडलेला, एक कोपरा सुटलेला. चौदा दिवस तो तिथंच असावा. त्यांनी चष्मा धोतरानं पुसला, डोळ्यांवर चढवला आणि बोट ठेवून वाचायला लागले.

घरातील रुग्ण : एक. नाव : वच्छलाबाई मारोतराव गावंडे.